एकच तारीख, मोजक्या मूर्ती: शाडूच्या गणपतीची ऑनलाइन जाहिरात कशी करावी

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या गाळ्यात एक पांढरा बोर्ड आहे. त्यावर तारखा नसतात. 'च-९०', 'च-६०', 'च-२५' असं लिहिलेलं असतं. च म्हणजे गणेश चतुर्थी, आणि च-९० म्हणजे तिच्या नव्वद दिवस आधी. नवीन मुलगा कामाला लागला की आधी त्याला हा बोर्ड समजावून सांगतो, मगच फोन हातात देतो.

आम्ही शाडूच्या घरगुती गणपतींचं ऑनलाइन बुकिंग घेतो. मूर्ती पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागातून येतात आणि ठाणे-नवी मुंबईत घरपोच जातात. किंमत साधारण चार ते बारा हजार. घरटी एक मूर्ती, तीही वर्षातून एकदा, आणि चतुर्थीच्या दुपारनंतर गिऱ्हाईक शून्य. असा माल टी-शर्ट किंवा मोबाइल कव्हरच्या पद्धतीने विकायला गेलं की पैसे जातात. आमचे पहिल्या वर्षी गेले. पुढे लिहिलंय ते त्यानंतर शिकलेलं. हापूसच्या पेट्या किंवा लग्नसराईतल्या पैठण्या विकणाऱ्यांनाही यातलं बरंच कामी येईल.

कॅलेंडर उलटं मोजा

चतुर्थी २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला गेली. आता जाहिरातीच्या खात्यात 'मागच्या वर्षीच्या याच तारखा' अशी तुलना लावून बघा. १० ऑगस्ट २०२५ म्हणजे च-१७, ऐन घाई. १० ऑगस्ट २०२६ म्हणजे च-३५, तेव्हा लोक नुसते फोटो बघत असतात. तारखेला तारीख लावलीत तर निम्मा धंदा बुडाला असं वाटून तुम्ही चालू जाहिरात बंद कराल. त्यामुळे मागच्या वर्षीचा सगळा हिशेब आधी 'च उणे किती' या रकान्यात आणा. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी गोष्ट पगाराची. २०२५ ची चतुर्थी महिनाअखेरीस होती, म्हणजे खरी खरेदी १ ते ७ ऑगस्टच्या पगारावर, च-२६ ते च-२० मध्ये. २०२६ च्या चतुर्थीआधी कामाचे दोन पगार येतात, ऑगस्टचा च-४४ च्या सुमाराला आणि सप्टेंबरचा च-१३ च्या सुमाराला. अशा वर्षी जाहिरातीत पूर्ण किंमत भरायला सांगू नका. 'पंधराशे भरून मूर्तीवर नाव लावा, बाकी सप्टेंबरात' हे वाक्य जास्त चालतं. साडेसहा हजाराची वस्तू दोन पगारांत वाटली की ती महाग वाटत नाही.

आमचे टप्पे असे. च-९० ते च-६० जुनी गिऱ्हाइकं, यात जाहिरात जवळजवळ नाही. च-६० ते च-२५ नवीन लोकांपर्यंत पोचायचं, मोठा खर्च इथे. च-२५ ते च-१० ज्यांनी बघून ठेवलंय त्यांना पुन्हा दिसायचं. त्यापुढे फक्त जे स्वतःहून शोधतात ते.

१५ ऑगस्टच्या आसपास मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांचे सेल असतात. त्या आठवड्यात जाहिरात दाखवण्याचा भाव चढतो. तेव्हा खर्च वाढवू नका, आदल्या आठवड्यात वाढवा.

एका मूर्तीमागे जाहिरातीला किती देऊ शकता?

हा आकडा ठरल्याशिवाय एक रुपयाही लावू नका. उदाहरण म्हणून १४ इंची, साडेसहा हजारांची मूर्ती घेऊ.

कारखान्याला ३,४००. खोकं, गवत, कागद धरून पॅकिंग २५०. टेम्पो ३५०. मोडतोडीसाठी बाजूला २५०. पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्यावरचा जीएसटी मिळून १५३. झाले ४,४०३. उरले २,०९७. त्यातून गाळ्याचं भाडं आणि मुलांचे पगार यांचा वाटा ७०० काढला की १,३९७ राहतात. त्यातले ५०० तरी घरी जायला हवेत. म्हणजे जाहिरातीला ९०० च्या आत.

इथे बहुतेकजण फसतात. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो मेटाच्या (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या) किंवा गूगलच्या पडद्यावरच्या आकड्यात दिसत नाही. आपल्याला एरवी तो परत मिळवता येतो, पण मातीच्या मूर्तीला जीएसटी माफ आहे आणि माफीच्या मालासाठी झालेल्या खर्चावरचा कर परत घेता येत नाही. सोबत मखर, आसन विकत असाल तर वाटणी कशी होते ते सीएकडून समजून घ्या. नुसत्या मूर्तीपुरतं बोलायचं तर ९०० मधून जीएसटी काढला की पडद्यावर दिसायचा आकडा ७६० च्या आसपास हवा. म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयाला साडेआठ रुपयांची विक्री.

'रुपयाला चार रुपये आले की जाहिरात छान चालली' असं शिकवणारे क्लास ठाणे स्टेशनबाहेरच्या पाट्यांवर भरपूर दिसतात. चारच्या हिशेबात या मूर्तीमागे १,६२५ लागतात, जीएसटीसकट १,९१७. म्हणजे दर मूर्तीला सव्वापाचशेच्या आसपास पदरचे घालून आपण बाप्पा पोचवतोय.

आता एकूण खर्च. समजा १६० मूर्ती आहेत. दहा राखीव. साठ जुन्या घरांत जातात. उरल्या नव्वद, प्रत्येकी ९००, म्हणजे ८१,००० जीएसटीसकट. पडद्यावर साधारण ६८,६००. हा हंगामाचा कमाल आकडा. खात्यात खर्चाची मर्यादा लावायची सोय असते, तिथे हा आकडा पहिल्याच दिवशी टाकून ठेवा.

खाती आधी उघडा

जाहिरातीचं नवं खातं सुरुवातीला जास्त खर्च करू देत नाही आणि धंद्याची पडताळणी मागतं. च-१०० ला उघडा, छोट्या रकमेने चालू ठेवा. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला ओटीपीशिवाय १५,००० रुपयांची मर्यादा असते. त्यापेक्षा मोठं बिल अडकतं आणि जाहिरात गुपचूप बंद होते. आमचं एकदा श्रावणातल्या शनिवारी बंद पडलं, कळलं सोमवारी. तेव्हापासून दर तीन-चार दिवसांनी यूपीआयने आधीच पैसे भरून ठेवतो.

जाहिरात किती लांब दाखवायची

जिथे तुमचा टेम्पो जातो तिथेच. पहिल्या वर्षी महाराष्ट्रभर जाहिरात लावली होती. नाशिकला कुरिअरने पाठवलेल्या मूर्तीचा हात निखळून पोचला. पैसे परत केले, पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी खंडित मूर्ती हातात आलेल्या घराला पैशाने काय समाधान देणार? त्या काकूंनी फोनवर आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाल्या, 'अहो, आता आम्ही काय बसवू?' दुसऱ्या वर्षीपासून कुरिअर बंद.

आता आम्ही पट्टे पाडलेत. घोडबंदर रोडचा एक, नौपाडा-पाचपाखाडी-कोपरीचा एक, ऐरोली ते नेरुळ एक, खारघर-पनवेल एक. प्रत्येक पट्ट्याला टेम्पोचे ठरलेले दिवस. एखाद्या पट्ट्याच्या फेऱ्या भरल्या की मूर्ती शिल्लक असल्या तरी तिथली जाहिरात बंद. कासारवडवलीपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी जादा फेरी मारू असं ज्याला वाटतं त्याने एकदा मारून बघावी.

फोटो आणि मजकूर

या धंद्यात जाहिरातीच्या सेटिंगपेक्षा फोटोवर जास्त वेळ द्या. लोक डोळे बघतात. आखणी चांगली असेल तर ती दिसेल एवढ्या जवळून, सकाळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय फोटो घ्या. आठ-दहा सेकंदांचा व्हिडिओ पुरतो, मूर्ती पाटावर ठेवून पाट हळू फिरवायचा. मागे गाणं लावलं नाही तरी चालतं. कारखान्यातला खरा आवाज आम्हाला जास्त लाभला.

सर्वांत जास्त तक्रार उंचीची येते. 'फोटोत मोठी वाटली होती.' एकटी ठेवलेली १४ इंची मूर्ती पडद्यावर दोन फुटी वाटते. म्हणून एका फोटोत शेजारी तांब्या ठेवा किंवा हात धरा. मापाचा मजकूर असा लिहा की माणूस उठून मोजपट्टी शोधेल: 'मखराची आतली उंची मोजा, त्यातून पाटाची उंची वजा करा, वर दोन इंच मोकळे सोडा. राहील ती मूर्तीची उंची.' म्हणजे १८ इंची मखर आणि २ इंची पाट असेल तर १४ इंची मूर्ती. हा मजकूर टाकल्यापासून परतीची भांडणं जवळपास थांबली, आणि मोजून आलेलं गिऱ्हाईक सहसा मूर्ती घेतंच.

आकडे, उंची आणि मूर्तीचा क्रमांक फोटोवरच लिहा. मूर्ती एकटा माणूस ठरवत नाही. सून फोटो बघते, तो घरच्या ग्रुपवर जातो, पुण्याची नणंद मत देते, आणि आजी 'हा चेहरा प्रसन्न आहे' म्हणाल्या की बुकिंग होतं. फोटो पुढे पाठवताना खालचा मजकूर गळून पडतो. फोटोवरचा राहतो.

काही शब्द टाळा. 'सेल', 'ऑफर', 'स्टॉक संपवायचा आहे' हे गणपतीच्या फोटोवर चांगलं दिसत नाही, लोक खाली सुनावतात आणि बरोबर सुनावतात. 'मूर्ती विकत घ्या' ऐवजी 'गणपती बुक करा' लिहा, घरी तेच बोलतात. किंमत मात्र लपवू नका. किंमत न टाकलेल्या जाहिरातीखाली 'प्राइस प्लीज' असे दोनशे मेसेज येतात आणि त्यातल्या बहुतेकांना दीड हजारांची मूर्ती हवी असते. उजव्या सोंडेची मूर्ती जाहिरातीत ठेवू नका. तिचं सोवळं कडक, गिऱ्हाईक थोडं, प्रश्न फार. विचारलं तर दाखवा.

'इको फ्रेंडली' हा शब्द एकटा वापरू नका. पर्यावरणाचे दावे पुराव्याशिवाय करू नयेत यासाठी केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. 'शाडू माती, जलरंग, प्लास्टर नाही' एवढं खरं आणि नेमकं लिहा. कारखान्यात स्वतः जाऊन बघितलं असेल तरच.

मेटावर

फेसबुक-इन्स्टाग्रामवर धार्मिक आवडीनुसार लोक निवडता येतील असं समजू नका. धर्मासारख्या नाजूक विषयांवरचे पर्याय मेटाने १९ जानेवारी २०२२ पासून काढून टाकले. मजकुरातही 'तुम्ही हिंदू आहात ना?' अशा धाटणीचं वाक्य टाकलंत तर जाहिरात नाकारली जाते. गरजही नाही. फोटोच माणसं निवडतो.

जाहिरात कोणाला दाखवायची हे मेटाच्या यंत्रणेला नीट शिकायला एका अ‍ॅड सेटमागे (म्हणजे एकाच गटाला दाखवायच्या जाहिरातींच्या संचामागे) आठवड्याला साधारण ५० निकाल लागतात. निकाल म्हणजे पूर्ण बुकिंग धरलं तर ७६० च्या भावाने आठवड्याला ३८,००० झाले. आपल्या अख्ख्या हंगामाचं बजेट ६८,६००. म्हणजे महाग वस्तूला हे गणित बसतच नाही. मार्ग दोन. पहिला, सहा अ‍ॅड सेट पाडू नका. वयाचे, बायका-पुरुषांचे, आवडीचे वेगवेगळे गट करायचा मोह होतो, पण त्यात प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला दोन बुकिंग येतात आणि यंत्रणा काहीच शिकत नाही. नवीन लोकांसाठी एक अ‍ॅड सेट, त्यात चार-पाच वेगळे फोटो. दुसरा, च-६० ते च-४० या काळात निकाल म्हणून बुकिंगऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालेलं बोलणं धरा, तो आकडा ५० ला पोचतो. बुकिंग रोज येऊ लागली की त्यावर वळवा.

मागच्या वर्षांच्या गिऱ्हाइकांचे नंबर, त्यांची परवानगी असेल तर, खात्यात यादी म्हणून चढवा. या यादीचे दोन उपयोग. त्यांना नवीन लोकांच्या जाहिरातीतून वगळायचं, कारण ते तसेही येणार आहेत, त्यांच्यावर ७६० कशाला घालवायचे? आणि त्यांच्यासारखी माणसं शोधायला ही यादी नमुना म्हणून द्यायची. त्यासाठी एका देशातली किमान शंभर माणसं यादीत लागतात. पहिल्या वर्षी यादी नसते, तेव्हा नुसता पट्टा निवडा आणि सोडून द्या.

रोजचं बजेट १,५०० ठेवलं म्हणजे रोज १,५०० च जातील असं नाही. मेटा एखाद्या दिवशी ७५ टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करतं आणि आठवड्याच्या हिशेबात जुळवतं. हे माहीत नसलं की मंगळवारी घाबरून बजेट कापलं जातं आणि शिकलेलं विस्कटतं. बदल करायचाच तर तीन दिवस आकडे बघून करा.

गूगलवर

इथे येणारा माणूस शोधत आलेला असतो, त्यामुळे मूर्ती कमी आणि खर्च नेमका. 'शाडू मातीची गणपती मूर्ती ठाणे', 'गणपती मूर्ती बुकिंग नवी मुंबई', असे शब्द घ्या, मराठीत आणि रोमन लिपीतही, कारण बहुतेक लोक रोमनमध्येच टाइप करतात.

खरं काम नको असलेल्या शब्दांच्या यादीचं. हे पहिल्या दिवशीच वगळा: फोटो, वॉलपेपर, एचडी, आरती, स्टेटस, रांगोळी, चित्र, ड्रॉइंग, डेकोरेशन, कशी बनवायची, साचा, होलसेल, चांदीची, मार्बल, कारसाठी. पहिल्या वर्षी 'गणपती फोटो एचडी' शोधणाऱ्या लोकांनी आमचे चार हजार खाल्ले, आणि त्यांचा काही दोष नव्हता. पुढे दर दोन दिवसांनी लोकांनी प्रत्यक्षात काय शोधलं ती यादी उघडून वाचा. चहा घेत वाचायची ही एकच मजेशीर यादी आहे.

ठिकाणाच्या सेटिंगमध्ये गूगल आपणहून 'त्या ठिकाणी असलेले किंवा रस असलेले' लोक धरतं. ते बदलून फक्त 'असलेले' करा, नाहीतर दुबईतला माणूस 'ठाणे गणपती' शोधून तुमच्या पैशाने दर्शन घेतो. सगळीकडे एकदम जाहिरात दाखवणारा 'परफॉर्मन्स मॅक्स' प्रकार मी अशा छोट्या हंगामाला वापरत नाही. त्याला शिकायला वेळ लागतो, आणि आपल्याकडे वेळच नसतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा हिशेब

महाग मूर्ती वेबसाइटवर बघितली जाते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ठरते. ही बुकिंग जाहिरातीच्या पडद्यावर आपोआप दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक जाहिरातीला आधीच भरलेला वेगळा मेसेज द्या: एकीला 'नमस्कार, मूर्ती क्र. १४ बघायची आहे', दुसरीला 'नमस्कार, १४ नंबरचा गणपती दाखवा'. गिऱ्हाईक नुसतं पाठवतं, तुम्हाला कळतं ते कुठून आलं. रोज रात्री वहीत चार रकाने: च उणे किती, जाहिरात, मूर्ती, आगाऊ रक्कम. पडद्यावरचा आकडा आणि वहीतला आकडा वेगळे आले तर वहीवर विश्वास ठेवा.

मेसेज रात्री साडेनऊ ते अकरा या वेळात जास्त येतात, घरातली आवराआवर झाल्यावर. त्या वेळी उत्तर द्यायला माणूस नसेल तर जाहिरातही त्या वेळी चालवू नका. सकाळी दिलेल्या उत्तरावर निम्मे लोक 'झालं आमचं बुकिंग' म्हणतात.

जुन्या गिऱ्हाइकांना ब्रॉडकास्ट पाठवताना ध्यानात ठेवा, एका यादीत २५६ च माणसं मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. मूर्ती देतानाच गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून द्यायचा, ही आमच्या टेम्पोवाल्याची जबाबदारी आहे.

शेवटचे दहा दिवस

च-१० ला मेटावरच्या नवीन लोकांच्या जाहिराती बंद. आता फक्त गूगल, तेही गाळ्यापासून पाच-सहा किलोमीटरच्या आत, मजकूर 'आज बघा, आज न्या'. खूप घरांना मूर्ती स्वतःच आणायची असते, टोपी घालून, मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून. त्यांच्यासाठी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा जाहिरातीतच द्या.

गूगल एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुप्पट खर्च करू शकतं आणि महिन्याच्या सरासरीत भरून काढतं. तुमचा महिना मात्र तीन दिवसांनी संपणार असतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात बजेट मनातल्या आकड्याच्या निम्मं टाका.

कुठल्या उंचीच्या किती मूर्ती उरल्या ते रोज दोनदा बघा. एका वर्षी १४ इंची संपल्या तरी त्यांचीच जाहिरात दीड दिवस चालू राहिली, आणि आलेल्या प्रत्येकाला ९ इंची दाखवताना आमच्या पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. आता नवी मूर्ती मागवताही येत नाही. पावसात शाडू वाळायला वेळ लागतो, घाईने रंगवलेली मूर्ती तडकते. दहा राखीव मूर्ती मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत जाहिरातीत आणू नका. त्या टेम्पोत खंडित झालेल्यांसाठी आहेत, आणि दर वर्षी तीन-चार तरी लागतात.

विसर्जनानंतर

अनंत चतुर्दशीनंतर आठवडाभर थांबा आणि प्रत्येक घराला एक मेसेज करा: मखरातल्या बाप्पाचा फोटो पाठवाल का, पुढच्या वर्षी जाहिरातीत वापरला तर चालेल का? 'हो' लेखी घ्या. घरातल्या खऱ्या मखरातला, जरा वाकडा आलेला फोटो आमच्या स्टुडिओतल्या फोटोपेक्षा चांगला चालतो, आणि त्याला खर्च शून्य.

मग बोर्ड पुसायचा. २०२६ ला च-९० म्हणजे १६ जून, अधिक महिना संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी. अधिकात बुकिंग नको म्हणणारी घरं बरीच, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांना पहिला मेसेज त्याच सकाळी. २०२७ ची चतुर्थी ४ सप्टेंबरला, म्हणजे च-९० पडतो ६ जूनला. रविवार आहे, हमरापूरला मूर्ती ठरवायला त्याआधीच्या रविवारी जायचं.